हाताचं काम संशोधन कधी होतं?

शाडूमाती

नमस्कार मंडळी,

प्रबंध द्यायचे दिवस जवळ आले की कलाशिक्षणात एक गोष्ट वारंवार दिसते. दोन वर्षं मातीत, रंगात किंवा ठशांत मुरलेला विद्यार्थी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि प्रश्नावली छापतो. 'आपणास शिल्पकला आवडते काय? होय / नाही / सांगता येत नाही.' आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला आलेली माणसं भिडेखातर खुणा करून देतात. टक्केवारी निघते, आलेख रंगतात, प्रबंध जाडजूड होतो. त्या मुलाला मातीबद्दल जे उमगलेलं असतं त्यातलं अक्षरही त्यात नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दोष मुलांचा नाही. आपलं हाताचं कामसुद्धा शोधाची पद्धत होऊ शकतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

मी शिल्पकार आहे आणि शिकवतेही. या विषयावर आपल्या भाषेत, आपल्या गावच्या उदाहरणांवर बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एका छोट्या निबंधात कलेतल्या संशोधनाचे तीन रस्ते वेगळे करून दाखवले. एक कलेविषयी, दुसरा कलेसाठी, तिसरा कलेतून. मूळ धागा हर्बर्ट रीड यांच्या कलाशिक्षणविचारातला. तेव्हापासून या विभागणीवर भरपूर वाद झाले, पण सुरुवात करायला ती अजून उपयोगी पडते.

आबालाल रहमान घ्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर आयुष्यभर रंगवत राहिलेले. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन त्यांची चित्रं पाहिली, माध्यम आणि काळ नोंदवला, दरबारी आश्रयाचा कामावर काय परिणाम झाला ते तपासलं, तर ते कलेविषयीचं संशोधन. इतिहासकाराची पद्धत, पुरावे, तारखा, तुलना. ही वाट आपल्याकडे रुळलेली आहे.

मला स्वतःला रंकाळ्याचं चित्र करायचंय म्हणून मी जुने फोटो जमवले, कागद आणि रंग तपासले, तलावातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात किती बुडतो ते पाहून आले, तर ते कलेसाठीचं. प्रत्येक कलाकार हे करतोच. त्याला लगेच प्रबंध म्हणता येत नाही, कारण जे कळलं ते चित्रात जिरून जातं.

तिसरी वाट अवघड आणि मला सगळ्यात जवळची. समजा प्रश्न असा आहे: जुलैच्या पावसात पाणी आणि आभाळ एकाच राखाडीत बुडालेलं असताना क्षितिजाची रेघ न ओढता जलरंगात अंतर कसं दाखवायचं? याचं उत्तर ग्रंथालयात पूर्ण मिळणार नाही आणि शंभर जणांना विचारूनही मिळणार नाही. ते रंगवूनच शोधावं लागतं. मग मी जागा ठरवते, वेळ ठरवते, रंग तीनच घेते. कागद किती ओला असताना दुसरा हात दिला, कडा कुठे मोडली, कुठे सोडली, हे त्या त्या वेळी लिहिते. मधूनच आबालालांच्या जलरंगांकडे जाते आणि त्यांनी तिथे काय केलंय ते आता नव्या डोळ्यांनी बघते, कारण आता माझ्याकडे प्रश्न आहे. शेवटी चित्रांची मालिका आणि सोबतचं लेखन मिळून उत्तर तयार होतं.

यावर तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

निळी_शाई

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला कोल्हापुरी चपलेच्या वेणीवर काम करायचंय. वेणी, गोंडे, पट्ट्यावरची नक्षी यातून आजच्या वापराच्या वस्तूंसाठी काही रचना निघतात का ते करून बघायचंय. आराखडा दिला तर पहिलाच प्रश्न आला, गृहीतक, म्हणजे तपासून बघायचं विधान, कुठे आहे? नमुना किती जणांचा? मी काय सांगू? मला तर चामडं हातात धरून बघायचंय. गृहीतक नसेल तर चालतं का?

---

प्रमाणविचलन

धागा वाचला. मी समाजशास्त्रीय सर्वेक्षणांचं काम करतो, त्यामुळे थोडी उलट बाजू मांडतो.

प्रश्नावली वाईट नसते, चुकीच्या प्रश्नाला लावली की वाईट होते. शहरात किती घरांत शाडूची मूर्ती बसते आणि लोक ती का निवडतात, हे कळायला सर्वेक्षणाशिवाय दुसरा मार्ग नाही. तिथे कुणी म्हणालं की मी मूर्ती करता करता शोधतो, तर मी मान्य करणार नाही.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. संशोधनात एकानं काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता यायला हवा. तीन रंग घेऊन तुम्ही रंकाळा रंगवलात, तुम्हाला काही उमगलं. मी तीच जागा, तेच रंग घेतले तर मला तेच उमगेल का? नसेल, तर ही उत्तम रोजनिशी झाली. तिला संशोधन का म्हणायचं? हे मी खोडून काढायला विचारत नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

पुस्तककपाट

वाचतोय. प्रमाणविचलन यांच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतो.

---

शाडूमाती

@प्रमाणविचलन, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रश्न कसा आहे त्यावर पद्धत ठरते, आणि मुलांना नेमकं हेच उलटं शिकवलं जातं. आधी पद्धत, मग तिच्यात बसेल असा प्रश्न.

दुसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते. माझ्याच मातीतलं उदाहरण देते. शाडू वाळताना तडकते, म्हणून तिच्यात कागदाचा लगदा मिसळतात. लगद्याचं कोणतं प्रमाण ठेवलं की किती तडे जातात, हा प्रश्न तुमच्या पद्धतीनं सोडवायचा आहे. सारख्या आकाराचे तुकडे करा, सारखे वाळवा, मोजा. मीच काय, गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत कुणीही केलं तरी आकडा जवळपास तोच यायला हवा.

पण त्याच मातीत दुसरा प्रश्न आहे. लगद्यामुळे मातीची धार बोथट होते. पापणीची रेघ, ओठांची कड पूर्वीसारखी उठत नाही. मग चेहऱ्याचा भाव कशावर तोलायचा? रेघेवर तोललेला भाव उंचसखलपणावर, सावलीवर नेता येतो का? इथे दोन शिल्पकारांना एकच उत्तर मिळणार नाही, आणि मिळू नये. तरीही हा प्रश्न मनमानी नाही. मी चेहरे केले, कोणता चेहरा का टाकून दिला ते लिहिलं, जाणत्या मूर्तिकारांना दाखवून त्यांचं म्हणणं नोंदवलं, तर बापट कॅम्पमधला एखादा कारागीर ते वाचून म्हणू शकतो, 'हे मला पटतं, हे पटत नाही, आणि याच्या पुढचं मी करून बघतो.' तेच उत्तर पुन्हा मिळण्याऐवजी इथे वाट उघडी असणं मागितलं जातं. प्रश्न काय होता, आधी इतरांनी काय केलं होतं, निर्णय कुठे आणि का बदलला, आणि परक्या माणसाला त्यावर पाय ठेवून पुढे जाता येतं का. रोजनिशीत यातलं पहिलं आणि शेवटचं नसलं तरी चालतं. संशोधनात चालत नाही.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुरचनाकार, मानसोपचार करणारे अशा कसबी लोकांचा अभ्यास करून मांडलं की ही माणसं काम करता करताच विचार करत असतात आणि साहित्य जे उत्तर देईल त्यावरून पुढची चाल ठरवतात. काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा. हे दोन्ही नोंदवायचे, पण वेगवेगळे नोंदवायचे. मी विद्यार्थ्यांना वहीचं डावं पान कामाच्या वेळच्या नोंदीसाठी आणि उजवं पान नंतरच्या विचारासाठी ठेवायला सांगते. महिन्याभरानं उजव्या पानावरचा शहाणपणा डाव्या पानावरच्या पुराव्याशी ताडून बघता येतो. आठवणीतून लिहिलं की माणूस सगळं आधीपासून ठरवल्यासारखं लिहितो.

@निळी_शाई, तुला रात्री लिहिते.

---

कानवाली_चप्पल

नमस्कार. आमच्या घरात चपलेचंच काम चालतं, आज्जापासनं. ताई, तुमचं लिहिलेलं पटलं. पण आमच्या बाजूनं पण कुणीतरी बोलाय पाहिजे म्हणून लिहितो.

अभ्यासाला पोरं-पोरी लई येतात. फोटो काढतात, वेणी कशी घालता, रंग कुठला, चामडं कुठनं आणता विचारतात, चहा घेतात, जातात. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. प्रबंधात आमचं नाव 'स्थानिक कारागीर' एवढंच. आईच्या हातची वेणी बघून दहा जणांनी चित्रं काढून नेली असतील. आमच्या धंद्यात वेणी, गोंडे, नक्षीकाम बायकाच जास्त करतात, पण नाव घ्यायच्या वेळी पुरुषांचं घेतात.

२०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. तरी २०२५ मध्ये इटलीतल्या मोठ्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोत तसलीच चप्पल दाखवली तेव्हा कोल्हापूरचं नाव पहिल्यांदा नव्हतंच, बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी मान्य केलं. मग एवढ्या लांबच्यांना बोलायचं आणि गावातल्या अभ्यासकानं नाव न घेता नक्षी उचलली तर गप्प बसायचं, हे कसं?

आता कामाचं सांगतो. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं असतंय. ते भिजवून, कुटून घ्यायचं. तळाला खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. आता वादी किती ओली पायजे? आईला विचारा, ती सांगणार 'हाताला कळतंय'. ती लपवत नाही, तिला खरंच तसंच माहीत आहे. निळी शाई ताईनं प्रश्न विचारून हे कळणार नाही. बसून शिवाय लागंल. आरी हातात घेतली की पहिल्यांदा बोट टोचणार, मग वादी तुटणार, मग कळणार. पण बसायच्या आधी ठरवा, आमचं नाव कुठं येणार आणि केलेल्या रचनेत आमचा वाटा काय.

---

निळी_शाई

दादा, वाचून खूप विचारात पडले. माझ्या आराखड्यात 'कारागिरांच्या मुलाखती' एवढीच ओळ आहे. ती बदलते.

---

शाडूमाती

@कानवाली_चप्पल, तुमचा प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना छापून वाचायला देणार आहे, तुमची परवानगी असेल तर. आईंचं 'हाताला कळतंय' म्हणजे मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये जो मुद्दा मांडला तोच आहे. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त माहीत असतं. फरक इतकाच की आईंच्या बाबतीत आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, माहिती देणारी बाई म्हणतो. हे बदलायला हवं. आई या कामात मार्गदर्शक आहेत, आणि प्रबंधात तसंच लिहिलं जायला हवं.

@निळी_शाई, आता तुझं. गृहीतक नसलं तरी चालतं, प्रश्न नसला तर चालत नाही. 'वेणीतून रचना निघतात का' हा प्रश्न फार सैल आहे, काहीही केलंस तरी उत्तर 'होय' येणार. त्यापेक्षा असं बघ: वेणी ही सजावट आहे की तिच्यामुळे पट्ट्याला ताणही मिळतो? चामड्याऐवजी दुसऱ्या साहित्यात तीच वेणी घातली तर तिच्यातलं काय टिकतं आणि काय जातं? असा प्रश्न घेतलास की काय करायचं ते आपोआप दिसायला लागतं. आधी दादांच्या आईंकडे वेणी शिकायची. मग तीच वेणी सुतात, कापडाच्या पट्टीत, कागदात घालायची. फसलेला प्रत्येक नमुना तारीख घालून जपायचा, फेकायचा नाही. दर टप्प्याला आईंना दाखवायचं आणि त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

'नमुना किती जणांचा' याला तू असं उत्तर दे: माझ्या अभ्यासात नमुना माणसांचा नाही, वेण्यांचा आहे.

आणखी एक ठरव. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात लिंडा कँडी यांनी २००६ मध्ये एक उपयोगी फरक केला. काही संशोधनात केलेली वस्तूच मूळ योगदान असते. ती बघितल्याशिवाय प्रबंध पूर्ण समजत नाही. काही संशोधन कामातून चालतं, पण शेवटी हाती येते ती त्या कामाच्या पद्धतीबद्दलची नवी समज, आणि ती लिहून पूर्ण सांगता येते. तुझं यातलं कुठलं ते आधीच ठरलं तर परीक्षकासमोर वस्तू मांडायच्या की फोटो पुरेसे, हा वाद शेवटच्या आठवड्यात होत नाही. मला तुझं पहिल्या प्रकारचं वाटतं. वेणी हातात घेतल्याशिवाय तिचा ताण कसा कळणार?

---

मंद्रसाधक

उशिरा येतोय. मी गाणारा, त्यामुळे आमच्या अंगणातलं सांगतो.

रियाज आणि संशोधन यांत गल्लत करू नये असं मला तरुणपणापासून वाटतं. रियाजात जे आहे ते पक्कं होतं. संशोधनात जे नाही त्याच्यामागे जायचं असतं. पण कधी कधी रियाजच संशोधन होतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या कोल्हापूरचं आहे. अल्लादिया खाँसाहेब. धृपदाच्या घराण्यातला तयार गवई, अतिश्रमानं आवाज गेला. परत आला तेव्हा तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जिला ओळखतो तिची ती गुंतागुंतीची लयकारी, जोडरागांची ओढ, एका श्वासात लांब पल्ल्याच्या वळणदार ताना. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आणलं आणि हे सगळं या गावात रुजलं. अडचण हाच प्रश्न, आणि गळा हीच प्रयोगशाळा.

आता प्रमाणविचलन साहेबांचा प्रश्न इथे लावा. पडताळणी झाली का? झाली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून झाली. दोघींचं गाणं एकमेकींसारखं नाही, तरी पद्धत एकच आहे हे कान असलेल्याला लगेच कळतं.

अडचण आहे ती लिहिण्याची. भातखंडे लिपीत बंदिशीचा सांगाडा येतो, मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, प्रवास येत नाही, आंदोलन, म्हणजे सुराचं हळुवार डोलणं, येत नाही. म्हणून गाण्यातला प्रबंध फक्त कागदावर मागणं मला अन्यायाचं वाटतं. ध्वनिमुद्रण जोडावं, आणि त्यावर मिनिट-सेकंदाप्रमाणे टिपणं द्यावीत. 'इथे मी गंधार चढा लावला, कारण...' असं. ऐकणाऱ्याला तिथे थांबून तपासता येतं.

---

प्रमाणविचलन

मंद्रसाधक काका, केसरबाई-मोगूबाईंचं उदाहरण चपखल. पद्धत पोचली, फळ वेगळं आलं. हे मला आक्षेपाचं बऱ्यापैकी उत्तर वाटतं. तरी एक उरतं. हे सगळं गुरूसमोर बसलेल्या शिष्यापर्यंत पोचलं. विद्यापीठातलं संशोधन अनोळखी माणसापर्यंत पोचायला हवं.

---

शाडूमाती

हो, आणि याच जागी मला बाबुराव पेंटर आठवतात. रंगभूमीचे पडदे रंगवणारा चित्रकार. बंधू आनंदरावांबरोबर चलच्चित्राचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० ला 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरचं कॅमेऱ्याचं स्मारक आपण रोज ओलांडतो. त्या कंपनीत हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी काढतात, १९३३ मध्ये पुण्याला जातात. म्हणजे ज्ञान नक्की पोचलं, आणि केवढं पोचलं! पण ते शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांना पोचलं. आज कोल्हापुरातली एखादी मुलगी कॅमेरा उघडून बसली तर तिला बाबुरावांच्या शेजारी उभं राहता येत नाही. तिच्यासाठी लिहायचं. कलेतल्या संशोधनात लेखन का लागतं याचं माझं उत्तर एवढंच आहे. ते परीक्षकासाठी असतं असं मी मानत नाही.

---

विंगेतला_माणूस

लेखनावरून आठवलं. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही बॅकस्टेजवाले रात्रभर तिथेच होतो. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर. लांबी-रुंदी नकाशात मिळते. पण कुठल्या जागी उभं राहून कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत जातं, कुठल्या विंगेतून एंट्री घेतली की प्रकाश आधी दिसतो, हे जुन्या नटांना आणि आम्हाला माहीत. खुर्चीत बसवून मुलाखत घेतली तर यातलं निम्मंही आठवत नाही. त्या माणसाला रंगमंचावर चालवत नेलं की पाय बोलतात. नाट्यशास्त्राच्या मुलांनी हे करावं. माणसं वयस्कर झालीत, घाई करावी.

---

पुस्तककपाट

एक व्यवहाराची गोष्ट. पीएच.डी. चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातात ते मुख्यतः पीडीएफ स्वरूपात. त्यामुळे ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, नमुन्यांची छायाचित्रं यांना क्रमांक द्या आणि मजकुरात जिथे उल्लेख येतो तिथेच तो क्रमांक लिहा. मूळ फायलींची एक प्रत विभागात आणि एक ग्रंथालयात ठेवायची लेखी विनंती आराखडा देतानाच करा. नंतर कुणी दाद देत नाही. फायलींची नावं तारखेनं सुरू करा.

विंगेतला माणूस, तुमचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. अशा चालत्या मुलाखतींना संमतिपत्रही हवंच, आवाज कुठे आणि किती काळ ठेवणार ते लिहून.

---

निळी_शाई

ताई, प्रश्न पुन्हा लिहिला. 'कोल्हापुरी चपलेच्या वेणीतला ताण चामड्याबाहेर नेताना वेणीची रचना कशी बदलते?' आराखड्यात वेणी शिकवणाऱ्या काकूंचं नाव मार्गदर्शक म्हणून घालायचं आहे, त्या हो म्हणाल्या तर. फसलेले नमुनेही प्रदर्शनात मांडायचे असं लिहिलंय. दादा, मी कधी येऊ?

---

कानवाली_चप्पल

आईला विचारलं. नाव घाला म्हणाली, पण पूर्ण घाला, 'काकू' नको. आता पावसात येऊ नका, चामडं वाळत नाही, काम मंद असतंय. दिवाळी झाली की या. रापी-आरी आमची देतो, वही तुमची आणा. आणि जे लिहाल ते तिला वाचून दाखवायचं, मगच पुढं द्यायचं.

---

शाडूमाती

@निळी_शाई, प्रश्न चांगला झाला. 'ताण' म्हणजे तू काय मोजणार आणि काय फक्त हातानं जोखणार, हे दोन ओळींत वेगळं लिही. मोजायच्या भागासाठी प्रमाणविचलन यांना विचार, ते नाही म्हणणार नाहीत.

---

प्रमाणविचलन

आनंदानं. नमुन्यांची रुंदी आणि पदरांची संख्या सारखी ठेव, बाकी व्यक्तिगत निरोपात बोलू.